खोक्याला अर्थिंग, आऊटपुट अधांतरी

तीर्थरूप काकांस,

पुतणीचा नमस्कार. (साष्टांग घालायचा विचार होता, पण टेबलाशेजारची जमीन अजून ट्रान्सफॉर्मर, तारांची वेटोळी आणि बाबांच्या स्क्रूच्या डब्यांनी अडलेली आहे. तेव्हा उभ्यानेच स्वीकारावा.) तुमचा खांदा कसा आहे? काकूंच्या गुडघ्यांबद्दल विचारत नाही, कारण ते मला फोनवर सविस्तर कळतं, डावा वेगळा आणि उजवा वेगळा. तुमच्याबद्दल मात्र काहीच कळत नाही. फोन केला की काकू म्हणतात, "ते दुकानात गेलेत गं," आणि त्यांच्या मागे तुमचा खोकला ऐकू येतो. खोकला कोरडा आहे. औषध घ्या. इकडे बाबांचा रक्तदाब मर्यादेत आहे, साखर मर्यादेत आहे. मी बरी आहे. टेबल बरं नाही.

पत्राचा विषय असा, की त्या रविवारपासून तुम्ही आमच्याकडे आलेला नाहीत. बाबा "ये" म्हणत नाहीत, तुम्ही "येतो" म्हणत नाही, आणि अजून थोडे दिवस असेच गेले तर हीच सवय होऊन बसेल. बाबांना सवयी लवकर लागतात आणि सुटत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी या पत्रात काही मागत नाही. कोणाची बाजूही घेत नाही. झालं ते क्रमाने मांडते आहे, कारण त्यातला अर्धा भाग तुमच्याकडे आहे, अर्धा बाबांकडे, आणि दोन्ही अर्धे माझ्याकडे असून ते मी नेमक्या चुकीच्या वेळी जोडले.

ते खोकं तुम्ही काखेत मारून आलात तो दिवस मला आठवतो. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. बाबा खुर्चीत बसून समोरच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे बघत असत, आणि विचारलं तर "काही नाही" म्हणत. तुम्ही आलात ते चप्पलसुद्धा नीट न काढता, आणि म्हणालात, "दादा, दुकानासाठी एक पॉवर सप्लाय बनवायचाय. एकट्याने होत नाही माझ्याच्यानं." बाबा म्हणाले, "तुझ्याच्यानं एकट्याने काय होतं?" आई गेल्यानंतरचं ते त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य होतं. खोकं कुठल्याशा दवाखान्याच्या भंगारातलं होतं, आणि त्याच्या पुढच्या अंगावर "रुग्णाला हात लावू नये" अशी पट्टी होती. ती काढायला तुम्ही ब्लेड घेतलं, तेव्हा बाबांनी तुम्हाला अडवलं. सूचना योग्य आहे, राहू दे, म्हणाले. ती अजून आहे.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तरी थोडं लिहिते, कारण हे पत्र काकू मोठ्याने वाचून दाखवणार (तुमचा चष्मा पत्र आलं की सापडत नाही) आणि त्यांना दर ओळीला थांबून "म्हणजे काय हो?" असं विचारावं लागू नये. तर काकू, पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतल्या धोकादायक विजेतून आपल्याला हवी तेवढी सौम्य वीज काढून देणारं खोकं. त्यातून वीज बाहेर येते ती लाल आणि काळ्या अशा दोन टर्मिनलांमधून, जसं टॉर्चच्या सेलला एक टोक अधिक असतं आणि एक उणे. आता सेलचं जमिनीशी काही देणंघेणं नसतं. तो खिशात असो, कपाटात असो, त्याचा अधिक-उणेचा संसार आपल्याआपल्यात चालतो. लाल-काळ्याचं तसंच ठेवलं तर त्याला फ्लोटिंग आऊटपुट म्हणतात, म्हणजे अधांतरी. आपल्या खोक्यात अशी दोन आऊटपुटं आहेत, डावीकडे एक लाल-काळी जोडी आणि उजवीकडे एक. याशिवाय एक हिरवं टर्मिनल असतं. ते लोखंडी खोक्याला जोडलेलं, आणि खोकं प्लगमधल्या वायरीतून भिंतीतल्या अर्थिंगला. आत कुठे तार सुटून खोक्याला लागली तर वीज माणसातून न जाता त्या वायरीतून जाते आणि फ्यूज उडतो. माणूस राहतो, फ्यूज जातो, हा त्यातला हिशेब. भांडण एवढ्यावरच होतं, की काळं टर्मिनल हिरव्याला कायमचं जोडून टाकावं की नाही.

बाबांचं म्हणणं, जोडावं. कारखान्यात विजेच्या देखभालीवर त्यांचा जन्म गेला, आणि त्यांच्या शेजारच्या पाळीतला एक माणूस ड्रिलच्या खोक्याला हात लागून गेला, कारण त्याचं अर्थिंग कोणीतरी "तात्पुरतं" काढून ठेवलं होतं. त्या दिवसापासून बाबांना "तात्पुरतं" हा शब्द चालत नाही. (मला शाळेत असताना तात्पुरता प्रवेश मिळाला होता, तेव्हाही ते दोन दिवस जेवले नव्हते.) "अधांतरी म्हणजे काय?" ते म्हणायचे. "माझ्या घरात काही अधांतरी राहणार नाही. ज्याला त्याला जमीन पाहिजे."

तुमचं म्हणणं, जोडू नये. तुमचा धंदा लाऊडस्पीकरचा, आणि तुमच्या धंद्यात अर्थिंग म्हणजे गुणगुण. दोन उपकरणं, दोघांना आपापलं अर्थिंग, आणि मधल्या तारेतून ती एकमेकांशी जोडलेली, की स्पीकरमधून भुंगा सुरू. त्या भुंग्याने एका समारंभात मुख्याध्यापकांचं संबंध भाषण गिळलं होतं. तक्रार फक्त मुख्याध्यापकांनी केली, पण ऑर्डर पुन्हा मिळाली नाही. तेव्हापासून अर्थिंगची वायर दिसली की तुमची बोटं पक्कड शोधतात, हे काकू मला बऱ्याच आधी सांगून चुकल्या होत्या.

मग तुम्ही दोघांनी मला पंच नेमलं. "मीटरबाईला विचार," तुम्ही म्हणालात. "ती शिकलेली आहे." "विचार ना," बाबा म्हणाले, "मुलगी माझी आहे." मी हातातलं काम बाजूला ठेवून कागदावर आकृती काढली आणि सांगितलं, की खोक्याला अर्थिंग हवंच, तिथे चर्चा नाही, आऊटपुट अधांतरी हवं, तिथेही चर्चा नाही, आणि काळं-हिरवं जोडायची गरज पडलीच तर बाहेरच्या बाजूने पितळेची छोटी पट्टी लावता येईल, काम झालं की काढून ठेवायची. म्हणजे दोघंही बरोबर. हा निकाल मी साधारण ज्या आवाजात तापमान सांगतात त्या आवाजात दिला. मला वाटलं होतं की दोघंही बरोबर असल्यावर दोघंही खूश होतील. प्रत्यक्षात दोघांनीही असा चेहरा केला, जणू आपणच हरलो. (मी ज्या विभागात काम करते तिथे वजनकाटे आणि मापक तपासून दाखला देतात. दाखल्यावर वजनकाटा कधी नाराज झालेला मी पाहिला नाही. माझा अनुभव त्या अर्थाने अपुरा होता.)

इथून पुढे तुमच्याकडे अर्धं आणि बाबांकडे अर्धं.

बाबांना ती पितळेची पट्टी पटली नाही. पट्टी निघते, हरवते, आणि निघणारी वस्तू म्हणजे पुन्हा तेच, तात्पुरती. म्हणून एका दुपारी त्यांनी झाकण उघडून दोन्ही काळ्या टर्मिनलांपासून आतल्या आत खोक्याला दोन हिरव्या वायरी डाख देऊन पक्क्या केल्या, त्यांच्या पद्धतीप्रमाणे मेणाच्या दोऱ्याने दर दोन बोटांवर गाठ मारून, आणि झाकण लावून टाकलं. कोणाला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी तुम्ही तुमचा माईक-स्पीकरचा मिक्सर त्यावर चालवून पाहिलात आणि भुंगा सुरू झाला. मिक्सरला स्वतःचं अर्थिंग होतं, बाबांच्या वायरीमुळे सप्लायच्या काळ्यालाही अर्थिंग मिळालं होतं, त्यामुळे तो येणारच होता. तुम्हाला वायरी दिसत नव्हत्या, भुंगा ऐकू येत होता. बाबा पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात तुम्ही प्लग उघडलात, अर्थिंगची वायर कापलीत, टोकाला टेप गुंडाळलीत आणि प्लग बंद केलात. भुंगा थांबला. तुम्हीही कोणाला सांगितलं नाही.

यानंतर आपल्या घरात जी शांतता नांदली ती तुम्हाला आठवत असेल. बाबा मल्टिमीटर घेऊन काळ्यापासून खोक्यापर्यंत जोड आहे याची खात्री करत आणि स्वतःशी मान हलवत. तुम्ही स्पीकरला कान लावून काहीच ऐकू येत नाही याची खात्री करत आणि तुम्हीही मान हलवत. प्रत्येकाला वाटत होतं की आपण जिंकलो आहोत आणि दुसऱ्याला ते अजून कळलेलं नाही, म्हणून दोघंही एकमेकांशी मोठ्या मनाने वागत होतात. बाबांनी तुम्हाला त्यांची चांगली चिमटी वापरायला दिली. तुम्ही त्यांच्या डाखेचं कौतुक केलंत. इतके सुखाचे रविवार या घरात फार दिवसांत आले नव्हते, आणि त्यांचा पाया एक चुकीची जोडलेली वायर आणि एक चुकीची तोडलेली वायर हा होता.

मला हे कळलं ते खोकं पुसताना. ओल्या फडक्याने पुसत होते आणि बोटांना मुंग्या आल्या. अर्थिंग नसलं की आत बसवलेला फिल्टर खोक्याला किंचित वीज लावून ठेवतो, (तो फिल्टर तुम्हीच गुणगुण कमी व्हावी म्हणून बसवलेला) जीवघेणी नाही, पण जाणवण्याइतकी. मी प्लग उघडला, टेप गुंडाळलेलं टोक पाहिलं, आणि ते कोणाचं हे समजायला वेळ लागला नाही, कारण टेप डाव्या हाताने गुंडाळली होती. वायर पुन्हा जोडली. आणि मीही कोणाला सांगितलं नाही. त्या वेळी मला वाटलं की हा समजूतदारपणा आहे. न बोलण्याचं खातं आमच्याकडे आईचं होतं, आणि ती ते फार चांगलं सांभाळायची. ती गेल्यावर ते माझ्याकडे आपोआप आलं असावं अशी माझी कल्पना होती.

दुसऱ्याच दिवशी तो रविवार आला. तुम्ही नवा अॅम्प्लिफायर घेऊन आलात, ज्याला अधिक आणि उणे असे दोन्ही पुरवठे लागतात. त्यासाठी सप्लायची दोन्ही आऊटपुटं एकापुढे एक जोडायची, म्हणजे डावीकडचं काळं उजवीकडच्या लालला. (काकू, टॉर्चमध्ये दोन सेल एकामागे एक घालतो तसं. अगदी तसंच.) आऊटपुटं खरोखर अधांतरी असती तर यात काही अडचण नव्हती. पण बाबांच्या वायरींनी दोन्ही काळी टर्मिनलं आतून एकाच खोक्याला बांधलेली होती, त्यामुळे तुम्ही बाहेरून जोड देताच उजवीकडचं लाल सरळ स्वतःच्याच काळ्यावर जाऊन पडलं. करंटवर मर्यादा घालणारा भाग अजून बसवायचा होता. बाबांनी अगदी समारंभपूर्वक स्विच दाबला. फट् असा आवाज झाला, उजवा काटा शून्यावर आडवा झाला आणि खोक्याच्या जाळीतून धुराची एक बारीक रेघ वर गेली. काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "अगं बाई, झालं वाटतं सुरू!" त्या म्हणाल्या.

तुम्ही झाकण उघडलंत आणि मेणाच्या दोऱ्याच्या गाठी पाहिल्यात. त्या गाठी या घरात एकच माणूस मारतो.

"दादा, हे काय आहे?"

"अर्थिंग."

"कोणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला पाहिजे? टेबल माझं आहे."

आणि काका, त्या क्षणी तुम्ही हसायच्या बेतात होतात. मी पाहिलं. तुमचे गाल हलले होते. "वहिनी असत्या ना, तर आज तुला चहा नसता मिळाला," तुम्ही म्हणालात, आणि बाबांनीही तोंड दुसरीकडे वळवलं, जसं ते हसू लपवायला वळवतात. आणखी थोडा वेळ कोणी काही बोललं नसतं तर ती गोष्ट पुढची कित्येक वर्षं दर वेळी थोडी वाढवून सांगितली गेली असती. पण मी बोलले. मी म्हणाले, "आणि प्लगमधली अर्थिंगची वायर कापलेली होती. काल मी जोडली."

हे मी का म्हणाले याचा मी बराच विचार केला आहे. त्या वायरीचा, उजवीकडे धूर काढून जळलेल्या ट्रान्झिस्टरशी काहीही संबंध नव्हता. वायर जोडलेली होती म्हणून तो जळला नाही, आणि कापलेली असती तरी वाचला नसता. मला कोणी विचारलंही नव्हतं. आमच्याकडे तपासणीत जे दोष सापडतील ते सगळे लिहायचे असतात, ग्राहकाने विचारलेले आणि न विचारलेले. मला फक्त माहिती पूर्ण करायची होती. मला वाटतं, बाबांचं चुकलं तेवढंच बाहेर येतंय आणि तुमचं आत राहतंय, हे मला असमतोल वाटलं. तुमच्या गालांकडे मी पाहत होते, पण त्याची नोंद कशात करायची ते मला कळलं नाही.

बाबांनी विचारलं, "कोणी कापली?" तुम्ही म्हणालात, "मी. भुंगा येत होता." बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर तुम्हीही ओरडला असतात आणि काकूंनी दोघांनाही झापलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "ही रोज ते खोकं पुसते." मग म्हणाले, "ऊठ." तुम्ही उठलात. काकू म्हणाल्या, "अहो भाऊजी, चहा तरी..." आणि त्या ट्रे तसाच घेऊन आत गेल्या. दारात तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "बरोबर केलंस, मीटरबाई. खरं ते सांगायलाच पाहिजे." तुम्ही टोमणा मारला असतात तर मला सोपं गेलं असतं.

आता घरची हालहवाल. बाबांनी अर्थिंगची मोहीम काढली आहे. लोखंडी कपाटाला झालं, कपडे वाळवायच्या स्टँडला झालं, पाण्याच्या टाकीला झालं. माझ्या पलंगाच्या पायालाही एक हिरवी वायर आहे आणि तिला मेणाच्या दोऱ्याच्या गाठी आहेत. मी रात्री कूस बदलली तरी मी जमिनीशी जोडलेली असते. शेजारच्या बाईंनी त्यांची शिडी आम्हाला द्यायचं बंद केलं आहे, कारण एकदा ती परत दिली तेव्हा तिला हिरवं शेपूट होतं. याला हसता येईल, मीही प्रयत्न करून पाहिला, पण हसायला समोर कोणी लागतं.

उजवीकडचं आऊटपुट दुरुस्त करायला ते रोज बसतात. नवा ट्रान्झिस्टर आणतात, थंड राहावा म्हणून त्याला अॅल्युमिनियमच्या पात्यांवर आवळतात, आणि मध्ये अभ्रकाची चकती घालायला विसरतात. चकती नसली की ट्रान्झिस्टरचं अंग सरळ खोक्याला लागतं आणि तो जातो. (काकू, चकती म्हणजे दोघांच्या मध्ये ठेवायचा पातळ पदर. उष्णता जाऊ देतो, वीज जाऊ देत नाही.) पुन्हा दुकानात जातात, पुन्हा आणतात. दुकानदाराने शेवटी विचारलं म्हणे, "आजोबा, हे तुम्ही खाता का?" हे त्यांनी मला फार रागाने सांगितलं. ते विसराळू झालेले नाहीत. गेलं वर्षभर ते ट्रान्झिस्टर उचलत आणि तुम्ही बाजूने, वरही न बघता म्हणत, "दादा, चकती." ते म्हणत, "माहीत आहे मला," आणि चकती घालत. आता कोणी म्हणत नाही. मी एकदा म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसऱ्याच्या खुर्चीत बसले आहे.

आणि टेबलावरचा दिवा. तुम्ही डावखुरे, म्हणून तो उजव्या कडेला आवळलेला आहे. बाबांना त्यामुळे स्वतःच्याच हाताच्या सावलीत काम करावं लागतं. मी तो काढून डावीकडे लावला. संध्याकाळी पाहिलं तर पुन्हा उजवीकडे. "राहू दे तिथेच," म्हणाले, "तिकडे भिंतीत स्क्रू नीट बसतो." दिवा टेबलाला आवळायचा आहे. भिंतीचा काही संबंध नाही. मी हे बोलले नाही, एवढी प्रगती माझ्यात झाली आहे.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. तुम्ही ते खोकं घेऊन आलात त्याच्या आदल्याच महिन्यात मी काकूंचा डबा द्यायला तुमच्या दुकानात आले होते. मागच्या फळीवर तुमचे दोन पॉवर सप्लाय होते, विकत घेतलेले, चांगल्या प्रतीचे, दोन्हींना अधांतरी आऊटपुट आणि बाहेरून लावायची पितळेची पट्टी. तेव्हा दुकानाला सप्लायची गरज नव्हती हे मला पहिल्या रविवारपासून माहीत होतं. विचारलं नाही. त्या वेळी मात्र मला न बोलणं जमलं होतं. ते पुन्हा जमायला हवं होतं तेव्हा जमलं नाही, याचं मला वाईट वाटतं. हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे, तेव्हा त्यापुढे काही लिहीत नाही.

काकूंना नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा, पण ती विजेची पिशवी वापरण्याआधी तिचा प्लग कोणी उघडला होता का ते विचारून घ्यावं.

तुमची पुतणी

ता. क. तुमचा नवा अॅम्प्लिफायर त्या दिवशी इथेच राहिला. त्याला काही झालेलं नाही, मी तपासला. माझ्या पलंगाखाली सुरक्षित आहे. कधीतरी येऊन घेऊन जावा. येताना अभ्रकाच्या दोन-चार चकत्या आणाव्यात. इथल्या दुकानदाराकडच्या जाड असतात.

ता. क. २. वर लिहिलं आहे की मी काही मागत नाही. ते बरोबर नाही. मला दुसऱ्या गावी नोकरी मिळते आहे. तिथे तपासणी विभाग माझ्याच हाताखाली असेल. घरी यायचं म्हणजे अख्खा दिवस प्रवास. बाबांना अजून सांगितलेलं नाही, त्या लोकांनाही हो म्हटलेलं नाही. बाबा मला जा म्हणतील, आनंदाने म्हणतील, आणि मी गेल्यावर पुन्हा त्या स्विचबोर्डाकडे बघत बसतील. तुम्ही रविवारी येत असाल तर मी जाऊ शकेन. तुम्हाला जमत नसेल तर तसं कळवा, मी इथलंच काम चालू ठेवेन आणि तुम्हाला दोष देणार नाही. पण कृपया काकूंकडून "दुकानात गेलेत" असं कळवू नका.

ता. क. ३. हे बाबांना सांगायचं नाही. काल ते डोळे तपासायला गेले होते तेव्हा मी सप्लाय दुरुस्त केला. ट्रान्झिस्टर नवा, चकती घातली, उजवीकडचं आऊटपुट पूर्ण भारावरही जागचं हललं नाही. प्लगचं अर्थिंग पक्कं आहे. त्याला हात लावू नका. बाबांच्या दोन हिरव्या वायरी मी तशाच ठेवल्या आहेत, त्या तुम्ही त्यांच्याकडूनच काढवून घ्या. मग बाबा यायच्या आत मी आतला एक डाख सोडवून टाकला. धोका काही नाही, नुसतं उजवीकडे काही येत नाही. कुठला डाख ते बाबांना सापडणार नाही, आणि तुम्हालाही एकट्याला सापडणार नाही, मी नीट विचार करून निवडला आहे. दोघांनी मिळून गुण्यागोविंदाने शोधलात तर एक रविवार पुरेल. भांडत शोधलात तर बरेच महिने जातील. कृपया भांडत शोधा.